कर्कनेसबाईंचं नाव आपल्या मराठी शाळेत यावं : कॅनडातील महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
कॅनडातील सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणारे शिक्षक-पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत ऐकलेलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते कुठल्या मंडळात ऐकलं हे सांगत नाही, कारण गेल्या चौदा वर्षांत ते मी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. कम्युनिटी सेंटरच्या दाराशी क्री या मूलनिवासी समाजातला एक माणूस थंडीत उभा होता. आमच्यातल्या एका काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "यांना सरकार सगळं फुकट देतं. शिक्षणसुद्धा फुकट. तरी शिकत नाहीत." शेजाऱ्याने मान डोलावली. मी काही बोलले नाही. हातात मसालेभाताचं ताट होतं, आरतीला उशीर झाला होता, काका वयाने मोठे होते. अशा वेळी आपण गप्प बसतो, तशी मीही बसले.

माझ्या मागे माझ्याच वर्गातली एक नऊ वर्षांची मुलगी उभी होती. पुढच्या शनिवारी बाराखडी गिरवता गिरवता तिने विचारलं, "बाई, ते लोक का शिकत नाहीत?"

मी तिला जे सांगितलं ते अर्धवट होतं. पूर्ण उत्तर द्यायचं तर एका दुसऱ्या बाईंबद्दल सांगावं लागतं. त्यांचं नाव व्हर्ना कर्कनेस. १९३५ साली त्यांचा जन्म कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या फिशर रिव्हर या क्री वस्तीत झाला. विनिपेगमधल्या माझ्या घरापासून ती वस्ती उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, पुण्याहून नाशिक असावं तशी. त्यांनी शिक्षिका म्हणून सुरुवात केली, मुख्याध्यापिका झाल्या, शाळांच्या पर्यवेक्षक झाल्या, मूलनिवासी संघटनांचं शिक्षणाचं काम पाहिलं आणि पुढे विद्यापीठात मूलनिवासी मुलांसाठी हक्काची जागा उभी केली. त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाली आहे. तरीही आपल्या एकाही मराठी शाळेत त्यांचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. आपल्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात, म्हणून या पत्रात मी त्यांना कर्कनेसबाईच म्हणणार आहे.

आधी त्या "फुकट" शब्दाबद्दल बोलते, कारण सगळी गफलत तिथे आहे.

विनिपेग ज्या जमिनीवर वसलंय, तिच्याबद्दलचा करार ऑगस्ट १८७१ मध्ये लोअर फोर्ट गॅरी इथे झाला. एका बाजूला ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला अनिशिनाबे आणि स्वॅम्पी क्री लोकांचे प्रमुख. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या करारांतला हा पहिला. त्यात साध्या शब्दांत लिहिलं आहे की, राखीव वस्तीतल्या लोकांची इच्छा असेल तेव्हा राणी तिथे शाळा चालवील. फिशर रिव्हर ज्यात येतं तो पाचवा करार १८७५ चा, त्यातही शाळेचं वचन आहे. म्हणजे शाळा ही जमिनीच्या व्यवहारात ठरलेली गोष्ट आहे. गावाकडची जमीन कुणी आपल्याकडून घेतली आणि ठरलेले पैसे हप्त्याहप्त्याने देत राहिला, तर तो आपल्याला फुकट पोसतोय असं आपण कुणाला म्हणू देऊ का? आपण त्याच जमिनीवर घर घेतलं, मुलांना त्याच जमिनीवरच्या शाळेत घातलं. त्या कराराचे लाभार्थी आपणही आहोत. इकडे शिक्षक मुलांना सांगतात की आपण सगळेच करारातली माणसं आहोत. त्या "आपण" मध्ये आलेले लोकही येतात.

आणि मिळालं काय? लोकांनी वस्तीत शाळा मागितली होती, मुलं संध्याकाळी घरी येतील अशी. मिळाल्या निवासी शाळा. सरकारच्या पैशाने चर्चने चालवलेल्या, बऱ्याचदा घरापासून शेकडो मैल दूर. १९२० मध्ये मूलनिवासींसंबंधीच्या कायद्यात, म्हणजे इंडियन अ‍ॅक्टमध्ये बदल करून मुलांना पाठवण्याची सक्ती केली गेली. दीड लाखांहून जास्त मुलं या शाळांतून गेली. केस कापले, नावाऐवजी नंबर दिले, आईची भाषा तोंडातून निघाली तर मार. तिथे मेलेल्या चार हजारांहून जास्त मुलांची नावं आजवर नोंदली गेली आहेत. ही नोंद ठेवणारं राष्ट्रीय केंद्र इथेच, विनिपेगमधल्या मॅनिटोबा विद्यापीठात आहे. शेवटच्या निवासी शाळा नव्वदच्या दशकात बंद झाल्या. तेव्हा आपल्यातले कित्येकजण कॉलेजात होते.

हे वाचून मन हळहळतं, पण हळहळ ही सोपी गोष्ट आहे. कर्कनेसबाई मला भावतात त्या दुसऱ्या कारणाने. त्यांच्या कामात रडगाणं नाही. शाळा कुणाच्या हातात असावी, हा एकच प्रश्न त्या आयुष्यभर विचारत राहिल्या.

आता लिपीची गोष्ट सांगते. मराठी शाळेच्या शिक्षकांना ती ठाऊक असायलाच हवी.

क्री भाषा लिहायला एक लिपी आहे. तिच्या छपाईची सुरुवात १८४० मध्ये विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळच्या नॉर्वे हाऊस इथे झाली. जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने चहाच्या पेट्यांच्या शिशाच्या अस्तरातून छपाईचे खिळे ओतले आणि पानं छापली असं सांगतात. क्री लोकांच्या परंपरेत मात्र ही लिपी त्यांच्याच एका पूर्वजाला मिळालेली देणगी आहे, आणि ती कथाही तितक्याच आदराने ऐकायला हवी. आपल्यासाठी नवलाची गोष्ट पुढे आहे. या लिपीच्या घडणीमागे लघुलेखनाच्या जोडीला देवनागरीचाही प्रभाव असावा असं अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजीसारखं प्रत्येक व्यंजन वेगळं आणि स्वर वेगळा असं तिच्यात सहसा लिहीत नाहीत. आपल्यासारखं अक्षर आहे, व्यंजन आणि स्वर मिळून एक. फक्त आपण "प" ला वेलांटी, मात्रा, काना देतो, तिथे ते अक्षरच फिरवतात. त्रिकोणाचं टोक वर असेल तर "इ", खाली असेल तर "ए", उजवीकडे "ओ", डावीकडे "अ". पाचरीच्या आकाराचं "प" असंच चार दिशांना फिरतं, आणि पि, पे, पो, प तयार होतात.

मी हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा माझ्या वर्गातली मुलं पाच मिनिटांत वाचायला लागली. बाराखडीला कंटाळणारा एक मुलगा उठून म्हणाला, "ही तर फिरती बाराखडी." अकरा वर्षांत इतका गोड शब्द माझ्या वर्गात कुणी घडवला नव्हता.

ही लिपी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवत शाळेशिवाय पसरली. तंबूत, शिकारीच्या मुक्कामावर, भूर्जाच्या सालीवर कोळशाने लिहीत. थोड्याच वर्षांत क्री लोकांत लिहिता-वाचता येणाऱ्यांचं प्रमाण मोठं झालं. फिशर रिव्हरची वस्ती ही नॉर्वे हाऊसहून १८७० च्या दशकात दक्षिणेला आलेल्या कुटुंबांनी वसवलेली. म्हणजे कर्कनेसबाईंच्या वाडवडिलांच्या गावात मुलं आपल्या भाषेत आपसूक लिहायला शिकत होती. मग शाळा आली, आणि दोन-तीन पिढ्यांत तीच भाषा बोलायची लाज वाटू लागली. आता माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा वाचा. ते लोक का शिकत नाहीत? ते शिकतच होते.

कर्कनेसबाईंनी शिकवायला सुरुवात केली ती पन्नासच्या दशकात. मूलनिवासी माणसाने शिक्षक असणं तेव्हा विरळ होतं. त्यांनी वस्तीवरच्या शाळांत शिकवलं, निवासी शाळांतही काम केलं. ज्या व्यवस्थेवर पुढे त्यांनी बोट ठेवलं ती त्यांनी वर्गात उभं राहून आतून पाहिली होती, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. पहिलीतलं मूल घरी क्री बोलतं. शाळेत येतं तेव्हा बाई इंग्रजीत बोलतात, पुस्तक इंग्रजीत, चित्रात लाल विटांचं घर, कोट-टायमधले बाबा, दूधवाला. त्या मुलाच्या आयुष्यात यातलं काहीही नाही. वर्षभर ते मूल गप्प बसतं आणि वर्षअखेरीला नापास होतं. मग कुणीतरी वहीत लिहितं : मंद.

साठच्या दशकाच्या अखेरीस मॅनिटोबाच्या उत्तरेकडच्या शाळांचं पर्यवेक्षण त्यांच्याकडे आलं. तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली जी आज सोपी वाटते. पहिल्या इयत्तांतलं शिक्षण मुलांच्या घरच्या भाषेत, क्री आणि ओजिब्वेत (ही अनिशिनाबे लोकांची भाषा) सुरू करायचं, आणि इंग्रजी हळूहळू आणायची. त्यासाठी भाषा येणारी माणसं वर्गात हवीत. प्रशिक्षित मूलनिवासी शिक्षक तर जवळजवळ नव्हतेच. तेव्हा वस्तीतल्या बायकांना वर्गात आणायचं, त्यांना शिकवायचं तंत्र द्यायचं, साहित्य तयार करायचं, असा हा सगळा खटाटोप होता. आपण शनिवारी फ्लॅशकार्डं कापतो, कोकणातल्या आजीला फोनवर घेऊन मुलांशी बोलायला लावतो. कामाची जात तीच आहे. फरक एवढाच की आपली भाषा बोलणारी कोट्यवधी माणसं मागे आहेत, पुस्तकं आहेत, चित्रपट आहेत, वर्तमानपत्रं आहेत. २०२१ च्या जनगणनेत क्री भाषा बोलू शकणारे सुमारे ८६ हजार लोक नोंदले गेले, आणि कॅनडातल्या मूलनिवासी भाषांत हीच सर्वांत जास्त बोलली जाणारी. हा आकडा माझ्या माहेरच्या तालुक्याच्या लोकसंख्येपेक्षाही लहान आहे.

मग आला १९६९. केंद्र सरकारने एक धोरणपत्र काढलं, ज्याला श्वेतपत्रिका म्हणतात. त्यात इंडियन अ‍ॅक्ट रद्द करावा, करारांची वासलात लावावी, मूलनिवासींना इतर नागरिकांसारखंच समजावं असं होतं. ऐकायला समता. पण ज्याने जमीन दिली त्याला "आता तू इतरांसारखाच, त्यामुळे जुनं देणं संपलं" असं सांगणं म्हणजे काय, हे सातबारा पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. देशभर विरोध उसळला. अल्बर्टातल्या प्रमुखांनी १९७० मध्ये आपलं उत्तर दिलं. मॅनिटोबाच्या प्रमुखांनी १९७१ मध्ये दिलं, त्याचं नाव वाबंग, म्हणजे उद्या. त्यातली शिक्षणाची मांडणी घडवण्यात कर्कनेसबाईंचा मोठा वाटा होता.

त्याच सुमारास, जुलै १९७० मध्ये, अल्बर्टात सेंट पॉल गावाजवळच्या ब्लू क्विल्स निवासी शाळेत पालकांनी ठाण मांडलं. सॅडल लेक आणि आसपासच्या वस्त्यांतले, बहुतेक क्री लोक. शाळा बंद करू नका, आमच्या ताब्यात द्या, एवढीच मागणी. शेकडो माणसं आळीपाळीने तिथे राहिली, आवारात स्वयंपाक करत, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत. ज्या इमारतीत त्यांना लहानपणी मारलं गेलं होतं तिच्याच जिन्यांवर ते बसून राहिले. काही आठवड्यांत सरकारने मान्य केलं, आणि ती कॅनडातली फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे क्रींसारख्या मूलनिवासी समाजांनी, स्वतः चालवलेली पहिली शाळा ठरली.

१९७२ च्या अखेरीस मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेने सरकारपुढे "शिक्षणावर मूलनिवासींचं नियंत्रण" अशा अर्थाच्या नावाचं एक पत्रक ठेवलं. दोन खांब होते : पालकांची जबाबदारी आणि स्थानिक ताबा. मुलाने काय शिकावं हे त्याच्या आईबापांनी ठरवावं. शिक्षक आपल्यातून तयार व्हावेत. भाषा आणि इतिहास अभ्यासक्रमात असावा. १९७३ च्या सुरुवातीला मंत्र्यांनी ते तत्त्वतः स्वीकारलं. त्यानंतरच्या काळात राष्ट्रीय पातळीवर हे धोरण प्रत्यक्षात आणायच्या कामात कर्कनेसबाई होत्या. आणि "तत्त्वतः" या शब्दाचं काय होतं हे त्यांनी जवळून पाहिलं. कारभार वस्त्यांकडे आला, पैसा आणि अंतिम शब्द राजधानीतच राहिला. चाव्या दिल्या, तिजोरी दिली नाही.

आपल्याला हा विचार परका नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी लिहून दिलं होतं की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, कारण त्यांना त्या मुलांच्या गरजा कळतील, ते त्यांच्यात मिसळतील. आपल्या मंडळांत एप्रिलमध्ये फुल्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. हार घालणाऱ्या हातांनी कर्कनेसबाईंचं काम उघडून पाहिलं तर जोतीरावांची ओळख नव्याने पटेल असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतरची त्यांची वर्षं व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेली. तिथे मूलनिवासी शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम १९७४ पासून होता, त्याची सूत्रं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे आली. पुढे पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग त्यांनी उघडला. १९८७ मध्ये विद्यापीठात फर्स्ट नेशन्स हाउस ऑफ लर्निंग स्थापन झालं, त्याच्या पहिल्या संचालक त्याच. आणि १९९३ मध्ये मस्कीअम लोकांच्या भूमीवर, विद्यापीठाच्या आवारात, देवदाराच्या भल्यामोठ्या खांबांचं एक लाँगहाउस, म्हणजे मूलनिवासी पद्धतीचं सगळ्यांनी जमायचं लांब घर, उभं राहिलं. मी ते पाहिलंय. भाचीला विद्यापीठात सोडायला गेले होते. कोरीव खांबांखाली बसून मुलं अभ्यास करत होती, कोपऱ्यात कुणीतरी सूप गरम करत होतं, एक आजी विणत बसल्या होत्या. परक्या शहरात शिकायला आलेल्या मुलाला लागतं ते सगळं तिथे होतं. पुण्यात शिकताना मला अशी जागा मिळाली असती तर पहिली दोन वर्षं मी रडत काढली नसती.

१९९१ मध्ये रे बार्नहार्ट या अभ्यासकांसोबत त्यांनी एक निबंध लिहिला. उच्च शिक्षणाबद्दलचा, पंधरा-वीस पानांचा. आज जगभरच्या मूलनिवासी शिक्षणात तो आधार म्हणून वापरला जातो. त्या निबंधाची सुरुवात माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासूनच होते असं म्हणायला हरकत नाही. विद्यापीठं विचारत होती : ही मुलं टिकत का नाहीत, मागे का पडतात, मधेच का सोडून जातात? कर्कनेसबाईंनी प्रश्न उलटा धरला. त्यांनी दोन साध्या क्रियापदांकडे बोट दाखवलं, येणं आणि जाणं. विद्यापीठ म्हणतं, मुलं आमच्याकडे येतात. मग आलेल्याने घरच्या रीतीप्रमाणे वागावं, नाही जमलं तर दोष त्याचा. पण मुलाच्या बाजूने पाहा. तो तिथे जातो, काही कामाने. त्याला स्वतःचं माणूसपण आणि आपल्या लोकांचं भलं सांभाळून काहीतरी मिळवायचं असतं. शाळेने त्याच्या बाजूने पाहायचं ठरवलं तर चार गोष्टी लागतात : तो जे आहे त्याबद्दल आदर, त्याच्या जगण्याशी नातं असलेलं शिक्षण, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातली देवाणघेवाण, आणि निर्णयातली जबाबदारी. इंग्रजीत हे चारही शब्द "र" ने सुरू होतात, म्हणून त्यांना चार र म्हणतात.

यातल्या देवाणघेवाणीवर मी सगळ्यात जास्त थांबते. शाळा मुलाला देते हे सगळे मानतात. मुलाकडून, त्याच्या आजीकडून शाळेने काही घ्यायचं असतं, हे मानायला मोठं मन लागतं. मी स्वतः हे शनिवारच्या वर्गात फार उशिरा शिकले. विदर्भातल्या एका घरातला मुलगा "करून राहिला" म्हणाला की मी "करतोय" असं दुरुस्त करायची. त्याच्या आईने एकदा शांतपणे विचारलं, "माझ्या आईची मराठी चुकीची आहे का?" तेव्हापासून मी दुरुस्त करत नाही, वहीत लिहून घेते. कर्कनेसबाईंचा निबंध मी त्यानंतर वाचला, आधी वाचला असता तर बरं झालं असतं.

हा लढा संपलेला नाही. ऑंटारियो प्रांताच्या उत्तर भागात जेम्स बेच्या काठी अटावापिस्कट ही क्री वस्ती आहे. तिथल्या शाळेखालच्या जमिनीत १९७९ मध्ये डिझेल गळलं. मुलं वर्षानुवर्षं त्या वासात बसली. २००० मध्ये शाळा बंद झाली आणि जागी तात्पुरत्या खोल्या आल्या, ज्यांची दारं नीट लागत नव्हती, हिवाळ्यात अंगात कोट घालूनच शिकावं लागे. नव्या शाळेचं आश्वासन येत गेलं आणि मोडत गेलं. शॅनन कूस्टाचिन नावाच्या मुलीने इतर मुलांना पत्रं लिहायला लावलं, आणि २००८ मध्ये आठवीच्या सहलीचे पैसे वापरून ती मुलं ओटावाला गेली. तेरा वर्षांची असताना ती मंत्र्यांसमोर बसली आणि आम्ही सोडून देणार नाही असं सांगून आली. २०१० मध्ये गाडीच्या अपघातात ती गेली. २०१२ मध्ये संसदेने तिच्या स्वप्नाचा ठराव एकमताने मंजूर केला. वस्तीतली नवी शाळा २०१४ मध्ये उघडली. एका साध्या, गरम, स्वच्छ प्राथमिक शाळेसाठी चौदा वर्षं.

आणि लक्षात घ्या, १९९६ पासून जवळजवळ वीस वर्षं फर्स्ट नेशन्सच्या मूलभूत सेवांसाठीच्या केंद्रीय निधीची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखून धरलेली होती. त्यात वस्तीवरच्या शाळाही आल्या. लोकसंख्या आणि महागाई दोन्ही त्याहून वेगाने वाढत होत्या. काकांचं "सगळं फुकट" ते हे.

आता आपल्याकडे वळते. ऑंटारियोने १९७७ मध्ये स्थलांतरितांच्या वारसा-भाषांच्या वर्गांना सरकारी पैसा द्यायला सुरुवात केली. बाहेरून आलेल्यांच्या भाषांसाठी वर्ग, शिक्षकांना मानधन. हे चांगलंच झालं, आपल्याला त्याचा अभिमान असावा. पण त्याच वर्षी याच देशात निवासी शाळा सुरू होत्या. आपल्या पाहुण्या भाषेला खुर्ची मिळाली तेव्हा घरच्या भाषेला अजून अंगणातही उभं राहू देत नव्हते. मूलनिवासी भाषांसाठीचा केंद्रीय कायदा व्हायला २०१९ उजाडलं. आपल्या मराठी शाळांना या हिशेबाची जाणीव असायला हवी, कारण भाषा हातातून निसटताना काय वाटतं हे या देशात आपल्याइतकं कुणाला कळणार? आपली मुलं इंग्रजीत उत्तर देतात तेव्हा आपल्या पोटात जे कालवतं, ते त्यांच्या घरांत शंभर वर्षं कालवलं आहे, आणि त्यांच्या बाबतीत ते कायदा करून घडवलं गेलं.

म्हणून मी काही ठोस मागणी करते आहे.

पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात कर्कनेसबाईंवर एक धडा घ्या. मराठीत, इयत्ता चौथीला झेपेल असा. तो लिहायची जबाबदारी मी घेते, कॅनडातल्या कोणत्याही मराठी शाळेने विनामूल्य वापरावा. त्यासोबत फिरत्या बाराखडीचा एक तास ठेवा. देवनागरी शिकवण्याचा माझा तरी तो सगळ्यात यशस्वी तास होता.

३० सप्टेंबर हा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी मुलं नारिंगी शर्ट घालतात. १९७३ मध्ये सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅडचा आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट निवासी शाळेच्या पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला, त्याची ही आठवण. मॅनिटोबात आता त्या दिवशी सुट्टी असते. गेली काही वर्षं मी पाहते की सुट्टी आहे म्हणून आपण त्याच दिवशी सहल ठेवतो, भोंडला ठेवतो, दांडियाची तालीम ठेवतो. भोंडला दुसऱ्या दिवशीही होईल. त्या दिवशी मुलांना घेऊन शहरातल्या पदयात्रेत चला, मागे उभे राहा, ऐका.

कुणा क्री किंवा अनिशिनाबे ज्येष्ठांना कार्यक्रमाला बोलावणार असाल तर रीतीने बोलवा. आपण लग्नाचं आमंत्रण अक्षत देऊन करतो. त्यांच्याकडे विनंती करताना हातात तंबाखू ठेवतात. ती ओढायची नसते, ती पवित्र आहे. एवढं समजून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. मानधन द्या, येण्याजाण्याची सोय करा, आणि सुरुवातीला दोन मिनिटं भूमीचा उल्लेख करून घेऊन लगेच ढोल-ताशाकडे वळू नका. त्यांना तासभर बोलू द्या. शक्य असेल तर त्यांच्या भाषावर्गाला आपला हॉल द्या. आपल्या कित्येक मंडळांकडे शनिवारी दुपारी रिकामा पडणारा हॉल असतो.

आणि नव्याने नागरिक होणाऱ्यांसाठी मंडळात अभ्यासवर्ग घेता, तिथे हे शिकवा. जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांच्या मूलनिवासी आणि करारातल्या हक्कांचा उल्लेख आहे. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या चौऱ्याण्णव शिफारशींतली ती शेवटची. माझी शपथ जुनी, तिच्यात ते शब्द नव्हते. माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी शपथ घेतली, तिच्यात होते. हात वर करून म्हणालेल्या शब्दांचा अर्थ काय, हे तिला मंडळाच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. तिथे प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतली जातात, करार म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. ते सांगायला अर्धा तास लागतो, मी येऊन सांगायला तयार आहे.

शेवटची मागणी कार्यकारिणीकडे नाही, ज्येष्ठांकडे आहे. काकांना मी नंतर फोन केला. भांडायला नाही. करारातलं शाळेचं कलम मी त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." ते खरं बोलत होते. पंचवीस वर्षं या देशात राहून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपलं मंडळ ही एकच जागा होती जिथे कुणी मराठीत सांगू शकलं असतं. पुढच्या वेळी महाप्रसादाच्या रांगेत कुणी ते वाक्य म्हटलं तर तुमच्यातल्या मोठ्या माणसाने तिथल्या तिथे उत्तर द्यावं. मागे मुलं उभी असतात.

धड्याचा मसुदा जानेवारीअखेर तयार होईल. ज्या शाळांना हवा असेल त्यांनी आपापल्या मंडळामार्फत कळवावं. फळ्यावर काढायचा तक्ता सोबत पाठवीन.

आपली,
शनिवारच्या वर्गाची एक बाई
विनिपेग, मॅनिटोबा